गोटी सेटवरची लाईफटाईम वॉरंटी आणि दांड्यावर उमटलेली खूण

भांडुपला माझं टू-व्हीलरचं छोटं गॅरेज आहे, मी आणि हाताखाली एक पोरगा. हे लिहायचं कारण म्हणजे आमच्या लाईनमधल्या नवीन पोरांना सध्या एकच वाक्य ऐकवून टूल विकतात, लाईफटाईम वॉरंटी आहे, डोळे झाकून घे. त्याच शब्दावर मी अर्ध्या इंचाचा गोटी सेट, म्हणजे नट खोलायच्या सॉकेटचा संच घेतला, साडेचार हजाराचा, मुंबईतल्या नागदेवी स्ट्रीटवरून, पक्क्या जीएसटी बिलावर, आणि त्यातला रॅचेट, म्हणजे गोटी लावून फिरवायचा दांडा, गेल्यावर कंपनीने कसे हात वर केले ते सगळ्यांना कळायला पाहिजे. नाव टाकत नाही कारण मॅटर ग्राहक आयोगात आहे.

झालं असं की एका गाडीचा मागच्या चाकाचा एक्सल नट सोडत होतो, काही आडवंतिडवं नाही, रोजचंच काम, आणि रॅचेट अचानक दोन्हीकडे फिरायला लागला. लॉकच घेईना. हाताची बोटं स्विंगआर्मवर आपटली ते वेगळंच. आता ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, रॅचेटच्या डोक्यात एक दातेरी चक्र असतं आणि त्याला अडवणारा एक छोटा तुकडा असतो, त्याला पॉल म्हणतात. 72 दातांचा रॅचेट म्हणजे दर दाताला 5 अंश फिरतो, 24 दातांचा 15 अंश. अडचणीच्या जागी 72 वाला भारी वाटतो पण दात बारीक असतात, मग पॉल नीट कडक केलेला नसेल तर त्याची धार लवकर मरते. माझ्या रॅचेटचं तेच झालं, सेट घेऊन वर्ष दीड वर्षसुद्धा झालं नव्हतं.

दुकानात गेलो तर शेठ म्हणाले, हमारा काम बेचने का, वॉरंटी कंपनी देगी, अंधेरी जाओ. विकताना हेच शेठ म्हणाले होते टूटा तो इधर ले आना. ठीक आहे, गेलो अंधेरीला, कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला. काउंटरवर बिल दाखवलं, डबा दाखवला, डब्यावर केवढ्या मोठ्या अक्षरात लाईफटाईम छापलंय, त्यांनी रॅचेट ठेवून घेतला आणि पावती दिली, रॅचेट 1 नग, तपासणीसाठी. बस एवढंच, कुठल्या अवस्थेत घेतला ते काही नाही. मी कस्टमरच्या गाडीचे पण फोटो काढून ठेवतो, सवयच आहे, तसे याचेही तिथेच काउंटरवर चारी बाजूंनी काढले.

मग बरेच दिवस काही नाही, फोन करा तर तपासणी चालू आहे. शेवटी मेसेज आला, मिसयूज, दांड्याला पाईप लावून वापरल्याच्या खुणा, वॉरंटी रिजेक्ट. म्हणजे जास्त जोर मिळावा म्हणून मी दांड्यावर पाईप चढवला असं त्यांचं म्हणणं.

मी कधीच रॅचेटला पाईप लावत नाही, जाम नटाला माझ्याकडे वेगळा लांब दांडा आहे. परत गेलो आणि रॅचेट हातात घेऊन बघितला. डोक्याच्या जरा खाली, दांड्याच्या दोन्ही अंगांना समोरासमोर, जाळीसारख्या चौकटी उमटल्या होत्या, क्रोम चेपून आत गेलेलं. ही खूण पाईपची नाही, वाइसच्या, म्हणजे वस्तू आवळून धरायच्या शिकंज्याच्या जबड्याची आहे, कुठल्याही फिटरला विचारा. पाईप दांड्याच्या टोकाकडून चढतो, त्याने लांब ओरखडे पडतात किंवा कडेची गोल घासणी दिसते, अशी दातेरी जाळी कधीच उमटत नाही. म्हणजे यांनीच डोकं खोलायला रॅचेट वाइसमध्ये आवळला आणि ती खूण माझ्या नावावर टाकली. मोबाईलमधले फोटो दाखवले, दांडा आरशासारखा साफ, मागे त्यांच्याच काउंटरचा बोर्ड दिसतोय, वर तारीख आणि वेळ. तो माणूस फोटोकडे नीट बघेसुद्धा ना. म्हणाला, साहेब तरीपण तुमचा वापर कमर्शियल आहे, गॅरेजला ही वॉरंटी नाही. मी म्हटलं मग घरी बसून कोण साडेचार हजाराचा गोटी सेट वापरतो. तर आतून पुस्तिका आणली, त्यात बारीक अक्षरात, फिरणाऱ्या भागांना 1 वर्ष, आणि लाईफटाईम म्हणजे प्रॉडक्टची लाईफ, ती किती हे कंपनी ठरवणार. ही पुस्तिका सीलबंद डब्याच्या आत असते. पैसे दिल्याशिवाय ती वाचताच येत नाही आणि बाहेर डब्यावर या अटीचा एक शब्द नाही. मला याचाच सगळ्यात जास्त राग आहे, एक कारण टिकलं नाही की दुसरं काढायचं, दुसरं पडलं की तिसरं. शेवटी म्हणाले नवीन रॅचेटवर 20 टक्के सूट देतो, फक्त काही तक्रार नाही म्हणून इथे सही करा. सही केली नाही.

आता लाईफटाईम हा प्रकारच खोटा असतो असं मी म्हणत नाही. अमेरिकेत सीअर्सच्या दुकानात क्राफ्ट्समनचा तुटलेला पाना काउंटरवर ठेवला की बिल न विचारता दुसरा मिळायचा, त्यावरच तो ब्रँड मोठा झाला. 2017 मध्ये स्टॅन्ली ब्लॅक अँड डेकरने तो ब्रँड घेतला आणि 2018 मध्ये सीअर्सने दिवाळखोरीचा अर्ज केला. म्हणजे बदलून देणारं काउंटर टिकलं तर वॉरंटी टिकते. आणि बहुतेक कंपन्यांची लाईफटाईम ही फक्त धातूच्या किंवा बनवण्याच्या दोषाला असते, झिजण्याला नाही. अखंड पाना, रिंग पाना यात बिघडण्यासारखं काही नसतंच म्हणून तिथे ती देणं त्यांना परवडतं. रॅचेटचं डोकं, कटरची धार, मेजर टेप, टॉर्क रेंचचं कॅलिब्रेशन हे बहुतेक वेळा बाहेर ठेवलेलं असतं. साध्या क्रोम व्हॅनेडियमच्या गोट्या इम्पॅक्ट गनवर, म्हणजे धक्के देऊन नट खोलणाऱ्या मशीनवर लावून फोडल्या तरी देत नाहीत, त्यासाठी काळ्या क्रोम मोलिब्डेनमच्या वेगळ्या गोट्या येतात, आणि ते मला मान्य आहे. पण माझ्या केसमध्ये पॉलच कच्चा होता.

याच नागदेवीला एक जुनं दुकान आहे, तिथून घेतलेल्या पक्कडीच्या तोंडाचा टवका उडाला होता. त्या काकांनी चष्मा वर करून टवका उडालेली जागा बघितली, आतलं लोखंड दाणेदार दिसतंय, मालच कच्चा आहे म्हणाले, आणि मागच्या खणातून दुसरी पक्कड काढून दिली. डब्यावर लाईफटाईम वगैरे काही छापलेलं नव्हतं. म्हणून आता मी काहीही घेताना एवढंच विचारतो की बदलून तुम्ही देणार का, आणि देणार असाल तर बिलावर तसं लिहा. लिहायला तयार असेल तर शंभर दोनशे जास्त गेले तरी तिथूनच घ्या.

गॅरेजवाला म्हणून तुम्ही ग्राहक नाही असं कोणी सांगितलं तर ऐकू नका. ग्राहक संरक्षण कायदा 2019 मध्ये स्पष्ट आहे की स्वतः राबून पोट भरण्यासाठी घेतलेली वस्तू ही व्यापारी हेतूची धरली जात नाही, त्यामुळे एकटा मेकॅनिक, सुतार, प्लंबर हे सगळे ग्राहकच. मी आधी 1915 वर फोन केला, ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाईन, मराठीत बोलता येतं, पैसे लागत नाहीत. ते तक्रार कंपनीकडे पाठवतात, पण ते कोर्ट नाही, आदेश देऊ शकत नाहीत. कंपनीने तिथेही 20 टक्क्यांचंच तुणतुणं लावलं म्हणून मग मी जिल्हा आयोगात तक्रार टाकली. वस्तूची किंमत 5 लाखांपर्यंत असेल तर फी शून्य, वकील लागतोच असं नाही, आणि नवीन कायद्याने आपण जिथे राहतो तिथल्या आयोगात जाता येतं, कंपनीचं ऑफिस कुठे का असेना. फक्त कारण घडल्यापासून 2 वर्षांच्या आत टाकावी लागते. वस्तूतला दोष नुसता बघून कळत नसेल तर आयोग ती लॅबला पाठवू शकतो, मी तेच मागितलंय, पॉल कापून त्याची हार्डनेस तपासा, म्हणजे कच्चा होता का नाही ते कागदावर येईल. साडेचार हजारासाठी एवढं कशाला म्हणणारे खूप भेटले, पण माझ्यासारख्याची दिवसाची कमाई त्या टूलवर चालते, आणि खोटी खूण दाखवून कोणी मला चुकीचा ठरवलेलं मी सोडणार नाही.

बिल थर्मल कागदावर असेल तर त्याच दिवशी झेरॉक्स काढा, काही महिन्यांत ते पांढरं पडतं. डब्याचे फोटो काढा, इम्पोर्टरचं नाव पत्ता, कस्टमर केअर नंबर आणि लाईफटाईम लिहिलेली बाजू, सगळं वाचता येईल असं. आणि सर्व्हिस सेंटरला टूल देताना पावतीवर दांड्यावर खूण नाही, तडा नाही असं लिहून सही शिक्का घ्या. नाही म्हणाले तर टूल त्यांच्या हातात देऊच नका, तिथेच उभं राहून 1915 लावा.