मॉडेल ए ला जॅग्वारचं मागचं सस्पेन्शन: काही महिने पळवल्यानंतरचा अनुभव

इथे कॅलिफोर्नियात जुन्या फोर्डचा नाद लागला की कधी ना कधी हा वाद अंगावर येतोच, मागे सरळ ॲक्सल ठेवायचा का जॅग्वारचं आयआरएस (मागचं प्रत्येक चाक स्वतंत्रपणे वरखाली होणारं सस्पेन्शन) घालायचं. माझी १९३१ ची फोर्ड मॉडेल ए कूप, पुढे शेवीचं (शेव्हरोलेचं) ३५० व्ही८ इंजिन, मागे जॅग्वारच्या एक्सजे६ सलूनमधून काढलेलं युनिट. हिवाळ्यापासून चालवतोय, म्हणून लिहितो.

राइड एक नंबर, यात वादच नाही. सरळ ॲक्सलवर एक चाक खड्ड्यात गेलं की दुसऱ्यालाही हिसका बसतो आणि वळणात मागची बाजू बाजूला उडी मारते. सॅन होजेहून सांताक्रूझला जाणाऱ्या हायवे १७ वर हे फार जाणवायचं, आता तिथेच मागचं टायर रस्ता सोडत नाही. कारण साधं आहे, डिफरन्शियल (इंजिनाची ताकद मागच्या दोन चाकांत वाटणारा गिअरचा डबा, थोडक्यात डिफ) फ्रेमला बोल्ट केलेलं, ब्रेकच्या डिस्क पण त्यालाच चिकटून, त्यामुळे चाकाबरोबर वरखाली होणारं वजन खूप कमी. पण स्प्रिंगा बदलाच. प्रत्येक बाजूला दोन असे चार कॉइलओव्हर (शॉक ॲब्सॉर्बरवर चढवलेल्या स्प्रिंगा) येतात आणि ते पावणेदोन टनाच्या सलूनसाठी बनवलेत, हलक्या हॉट रॉडमध्ये (अशा इंजिन बदललेल्या जुन्या गाडीत) तसेच ठेवले तर बैलगाडी. मी मऊ स्प्रिंगा टाकूनच गाडी खाली उतरवली.

रुंदीचं पण बघा. एक्सजे६ चं युनिट मॉडेल ए च्या फेंडरखाली नीट बसत नाही, हाफशाफ्ट (डिफपासून चाकापर्यंत जाणारे फिरते दांडे) आणि चाकाला खालून धरणारे आर्म कापून छोटे करावे लागतात. हे काम चांगल्या माणसाकडूनच करून घ्या, कारण या डिझाइनमध्ये हाफशाफ्ट हाच वरचा लिंक आहे, वेगळा वरचा आर्म नाहीच. शाफ्टच्या टोकाचा युनिव्हर्सल जॉइंट (वाकून फिरणारा सांधा) तुटला तर नुसती ताकद जात नाही, चाकाला वरून धरणारंच काही उरत नाही. माझ्याकडे दोन्ही बाजूंना सेफ्टी लूप (तुटलेला शाफ्ट अडवणाऱ्या लोखंडी कड्या) आहेत आणि ग्रीसगन कायम हाताशी.

रेडियस रॉडवर (चाकाला पुढेमागे सरकू न देणारा दांडा) लोक फार निष्काळजीपणा करतात. जॅग्वारमध्ये अख्खं युनिट रबरावर टांगलेल्या पिंजऱ्यात असतं, त्यामुळे थोडंफार चुकलं तरी रबर सांभाळून घेतं. आपण पिंजरा फेकून देतो. मग रॉडचं पुढचं टोक खालच्या आर्मच्या पिव्हटच्या रेषेत नसेल तर चाक वर जाताना सगळं आवळतं आणि बुश (सांध्यातले रबर) मरतात. पिंजरा गेल्यामुळे डिफचा बारीक हूं हूं आवाज पण केबिनमध्ये येतो. मला चालतो, बायकोला नाही.

आता खरं दुखणं, ब्रेक. दिसायला झक्कास, पण पॅड बदलायचे म्हणजे गाडीखाली उताणं झोपून डिफच्या कुशीत हात घालायचा, खालून आर्म आडवा, बाजूने शाफ्ट आडवा, आणि हँडब्रेकचे वेगळे छोटे कॅलिपर वर बसलेले. डिस्क काढायची तर हाफशाफ्ट सोडवावाच लागतो. मी रंबल सीटखालच्या (मागच्या डिकीत उघडणारी सीट) पत्र्यात झाकण करून घेतलं, आता वरून तरी हात पोचतो. शिवाय घाटात सतत ब्रेक मारले की ती उष्णता थेट डिफच्या सीलना लागते, सील गेलं की तेल डिस्कवर. पुढे काय होतं ते सांगायला नको.

'हे ट्रॅडिशनल नाही' म्हणणाऱ्यांना माझं एकच म्हणणं. हे सस्पेन्शन १९६१ मध्ये जॅग्वारच्या ई-टाइप आणि मार्क टेन बरोबर आलं, आणि सत्तरच्या दशकात तर क्रोम केलेलं जॅग मागे दाखवायची फॅशनच होती. तुमच्या 'ट्रॅडिशनल'ची रेघ १९५० च्या दशकावर असेल तर मान्य, मग आडवी लीफ स्प्रिंग लावा आणि कंबर सांभाळा. (जॅग्वार २००८ पासून टाटांकडे, त्यामुळे आमच्या ग्रुपमध्ये 'अमेरिकन गाडीला मुंबईचं ॲक्सल' हा विनोद ठरलेला. युनिट माझं त्याच्या कितीतरी आधीचं, पण ऐकतंय कोण.)

रविवारी कॉफीपर्यंत जाऊन यायचं असेल तर फोर्डचं नऊ इंची सरळ ॲक्सल घाला, स्वस्तात सुटाल. लांब पल्ल्याला पळवणार असाल तर मात्र हेच घ्या. युनिट बघायला जाल तेव्हा आधी खाली वाकून डिफच्या दोन्ही आउटपुट सीलवर (जिथून हाफशाफ्ट बाहेर पडतात) बोट फिरवा. बोट तेलकट झालं तर विकणारा म्हणेल 'जरा घाम येतोय एवढंच', तेव्हा सील बदलायचा खर्च भावातून कापून घ्या.