यूएसबी साउंड कार्डावर लेझर प्रोजेक्टर : आठ महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

लेझर प्रोजेक्टरला संगणकावरून चित्र पुरवण्यासाठी हेलिओससारखे खास डीएसी (अंकांचे व्होल्टेजमध्ये रूपांतर करणारी उपकरणे) मिळतात, तरीही मी आठ महिन्यांपूर्वी पुण्यातल्या तापकीर गल्लीतून आठ वाहिन्यांचे एक साधे यूएसबी साउंड कार्ड आणले आणि त्यात बदल करून त्यावर माझा १ वॅटचा तीनरंगी प्रोजेक्टर चालवायला सुरुवात केली. कार्डात सीएम६२०६ ही चिप आहे. ती सेकंदाला ४८,००० नमुने, म्हणजे व्होल्टेजची मूल्ये, १६ बिटांत देते, आणि प्रोजेक्टरला लागणाऱ्या सहा वाहिन्या, म्हणजे आडवी हालचाल, उभी हालचाल, तीन रंग आणि एकूण तीव्रता, तिच्यावर सहज बसतात. या काळात कार्डाने मला निराश केले नाही. मात्र बदलाचा जो भाग मी सोपा समजत होतो तोच सर्वांत नाजूक निघाला, म्हणून हे सविस्तर लिहीत आहे.

प्रोजेक्टरमधील किरण वळवून चित्र काढणारे दोन चिमुकले आरसे मिळालेल्या व्होल्टेजच्या प्रमाणात वळतात. आवाजाचा संकेतही शेवटी बदलते व्होल्टेजच असते, पण साउंड कार्ड स्थिर व्होल्टेज बाहेर सोडत नाही, कारण प्रत्येक आउटपुटवर मालिकेत एक कपॅसिटर असतो. १० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर आणि पुढे १० किलोओहमचा भार धरला, तर साधारण १.६ हर्ट्झच्या खालचे सारे अडवले जाते. त्यामुळे भिंतीच्या कोपऱ्यात काढलेला चौकोन हळूहळू मध्याकडे सरकतो आणि सलग लावलेला रंग विझत जातो. हे कपॅसिटर काढून त्या जागी तारेचा तुकडा जोडणे हे अर्ध्या तासाचे काम आहे. सोल्डरिंग आयर्न बारीक टोकाचे असावे आणि पॅड उखडणार नाहीत याची काळजी घ्यावी, एवढेच सांगणे पुरेसे आहे.

कपॅसिटर गेल्यावर संकेत शून्याभोवती नव्हे, तर सुमारे सव्वादोन व्होल्टभोवती हलतो. प्रोजेक्टरच्या २५ पिनांच्या इल्डा (लेझर प्रोजेक्टरच्या जोडणीचे प्रमाणित मानक) सॉकेटला मात्र आडव्या-उभ्या हालचालीसाठी धन आणि ऋण अशा जोडीने प्रत्येकी ±५ व्होल्ट आणि रंगांसाठी ० ते ५ व्होल्ट हवे असतात. म्हणून मी टीएल०७४ या दोन आयसींचा, संकेत जुळवून देणारा बोर्ड बनवला. एका आयसीत चार ऑप-ॲम्प, म्हणजे व्होल्टेज वाढवणारी किंवा वजा करणारी परिपथे, असतात. चार ऑप-ॲम्प दोन अक्षांच्या जोड्यांसाठी आणि चार रंग व तीव्रतेसाठी, असे आठही कामी आले. वजा करायचे सव्वादोन व्होल्ट मी सुरुवातीला वेगळ्या सप्लायवरून मल्टीटर्न प्रीसेटने (स्क्रूने बारीक जुळवायच्या रोधाने) तयार केले होते. पहिल्या संध्याकाळी चित्र अगदी मध्यावर बसले, पण कार्ड तापल्यावर चार मीटरवरच्या भिंतीवर ते सुमारे दोन बोटे सरकले. कार्डाचे स्वतःचे संदर्भ व्होल्टेज तापमानाबरोबर थोडे बदलत होते आणि माझा प्रीसेट जागचा हलत नव्हता. तेव्हा चिपच्या संदर्भ पिनवरूनच ते व्होल्टेज घेतले आणि मध्ये आणखी एक ऑप-ॲम्प बफर म्हणून बसवला, कारण त्या पिनवर थेट भार टाकणे योग्य नाही. दोन्ही बाजू एकत्रच सरकू लागल्याने चित्र स्थिर झाले आणि गेल्या सहा महिन्यांत मी प्रीसेटला हात लावलेला नाही.

सर्वांत गंभीर बाब याच टप्प्यात लक्षात आली. माझ्या पहिल्या आराखड्यात रंगांच्या वाहिन्या संकेत उलटा करत होत्या आणि तो सॉफ्टवेअरमध्ये पुन्हा सुलटा केला की भिंतीवर काहीच फरक दिसत नसे. एकदा यूएसबी केबल निघाली, कार्डाचे आउटपुट शून्यावर आले, आणि उलट्या वाहिन्यांनी त्याचा अर्थ ‘पूर्ण प्रकाश’ असा लावला. आरसे एका कोपऱ्यात जाऊन थांबले आणि तिन्ही रंग पूर्ण तीव्रतेने एका बिंदूवर स्थिरावले. खोलीत समोर कोणी नव्हते, पण १ वॅटचा स्थिर किरण डोळ्यात गेला असता तर पापणी मिटेपर्यंत दृष्टिपटलाला इजा झालेली असती. अर्ध्या वॅटच्या वरचे लेझर सर्वांत धोकादायक अशा चौथ्या वर्गात मोडतात. त्याच रात्री मी रंगांच्या वाहिन्या सुलट्या केल्या. कार्डाच्या ५ व्होल्टवर चालणारा रिले (विजेवर चालणारा स्विच) इल्डाच्या इंटरलॉक पिनांच्या, म्हणजे जोडणी तुटताच लेझर बंद करणाऱ्या ४ आणि १७ च्या, मार्गात घातला आणि त्यालाच हाताने दाबायचे लाल बटण मालिकेत जोडले. कार्ड सुरू होताना आउटपुट शून्यावरून सव्वादोन व्होल्टपर्यंत चढते आणि आरशांना झटका बसतो, म्हणून आधी कार्ड, मग सॉफ्टवेअर आणि शेवटी लेझरची किल्ली, हा क्रम मी कधीही मोडत नाही. हा भाग वगळून कोणी नुसते कपॅसिटर काढणार असेल, तर त्याने हा बदल करू नये असे माझे स्पष्ट मत आहे.

रोजच्या वापरात विंडोजवर एलएफआय प्लेअर आणि लिनक्सवर ओपनलेज ही दोन्ही सॉफ्टवेअर मी चालवली. कार्ड सिस्टीमच्या नेहमीच्या आवाजांसाठी निवडलेले नसावे, नाहीतर सूचनेचा प्रत्येक टिंग आरशांपर्यंत पोहोचतो. आवाज पूर्ण ठेवून ध्वनी सुधारणारी सारी फिल्टर बंद करावीत. आरसे संकेताच्या किंचित मागे राहतात, म्हणून माझ्याकडे रंग सहा नमुन्यांनी, म्हणजे १२५ मायक्रोसेकंदांनी, उशिरा पाठवल्यावर रेषांची टोके बरोबर जुळली. एक उणीव मात्र कायम राहिली : ऑडिओ डीएसीच्या फिल्टरमुळे रंग एकदम बंद करताना संकेतात बारीक लहरी उठतात आणि काळोख्या भिंतीवर रेषेच्या टोकाशी फिकट शेपटी दिसते. बंद स्थितीचे व्होल्टेज लेझर पेटण्याच्या पातळीच्या थोडे खाली नेल्यावर ती बरीच कमी झाली, पण पूर्ण गेली नाही.

मला सर्वाधिक आनंद देवनागरी अक्षरांनी दिला. सेकंदाला २५ वेळा पूर्ण चित्र काढायचे तर एका चित्राला १,९२० बिंदू मिळतात, आणि प्रत्येक अक्षर वेगळे काढून त्यावर शिरोरेषेचा तुकडा दिला की त्यांतले पुष्कळ बिंदू अंधारातल्या उड्यांवरच खर्च होतात. आता मी शब्दाची शिरोरेषा आधी एका दमात डावीकडून उजवीकडे ओढतो आणि परतीच्या वाटेवर, शेवटच्या अक्षरापासून, एकेक अक्षर तिच्याखाली उतरवतो. ‘शुभ दीपावली’ हे शब्द या पद्धतीने लुकलुकल्याविना वाचता येतात. फक्त रफार आणि अनुस्वार यांच्यासाठी वेगळी उडी घ्यावी लागते, आणि ‘क्ष’च्या गाठीत वळणाच्या ठिकाणी तीन-चार बिंदू एकाच जागी ठेवावे लागतात.

गणेशोत्सवाच्या मिरवणुकांत लेझरमुळे डोळ्यांना इजा झाल्याच्या बातम्या आपण वाचल्या आहेत. आमच्या सोसायटीतूनही मिरवणुकीसाठी प्रोजेक्टर मागितला गेला आणि मी नकार दिला. पाण्याच्या टाकीची वरची कोरी भिंत, जिथे किरण कोणाच्याही डोळ्यांच्या उंचीवर येत नाही, तेवढीच जागा मी वापरतो, आणि तिथे चाचणीच्या वेळी लाल बटणाशी एक माणूस सतत बसलेला असतो.