जुनी पिकअप एक्स्चेंजला दिली, आरसीवर नाव माझंच राहिलं

ज्यांच्या दारात आठ-दहा वर्षांची पिकअप उभी आहे आणि ती देऊन नवी घ्यायचं घरात चाललंय, त्यांच्यासाठी हे लिहितोय. नवी घ्यावी की नाही यावर मी चार महिने डोकं खपवलं. जुनी कशी द्यावी यावर अर्धा तासही घालवला नाही, आणि तिथेच फसलो. गाडी गेली, पण आरसीवर, म्हणजे गाडीच्या नोंदणी पुस्तकावर, नाव माझंच राहिलं.

मी रावेर तालुक्यातला. घरची केळी थोडी. वर्षभराचं मुख्य काम म्हणजे लोकांच्या बागेतून केळी भरायची आणि सावद्याच्या मालधक्क्यावर नाहीतर व्यापाऱ्याच्या पॅकिंगला नेऊन पोचवायची. गाडी २०१६ ची बोलेरो पिकअप. कर्ज काढून घेतली होती, २०२१ मध्ये शेवटचा हप्ता भरला. बँकेने एनओसी (कर्ज फिटलं, आता आमची हरकत नाही असा दाखला) दिली, ती मी मुलीच्या दाखल्यांबरोबर पेटीत ठेवून दिली. कर्ज फिटलं, विषय संपला, असं मला वाटलं. या एनओसीवर पुढे बरंच काही अवलंबून होतं.

नऊ वर्षांत इंजिन एकदा खोललं, क्लच प्लेट तीनदा टाकली, मागचे पाटे किती वेळा भरले याचा हिशेब नाही. बागेला पाणी दिलेलं असलं की शेतरस्ता चिखल होतो, भरलेली गाडी रुतते, आणि पहिल्या गिअरवर रेटून बाहेर काढावी लागते. त्यात आठ वर्षं उलटली की मालवाहू गाडीला फिटनेसचा दाखला (पासिंग) आरटीओतून दरवर्षी काढावा लागतो, त्याआधी दोन वर्षांनी असतो. म्हणजे २०२४ पासून दर वर्षी पासिंगच्या वेळी रंगाचा हात, रिफ्लेक्टर टेप, लायटी, आणि वर दोन-तीन दिवस खेपा बंद.

आमच्या मिस्त्रींचा सल्ला उलटा होता. ते म्हणाले, "भाऊ, ही गाडी मी डोळे मिटून खोलतो. नवीन बीएस-६ ला सेन्सर आहेत, लॅपटॉप लागतो." बीएस-६ म्हणजे धुराच्या नव्या, कडक नियमांची गाडी. त्यांचं म्हणणं खोटं नव्हतं. बीएस-६ डिझेल गाडीच्या सायलेन्सरच्या वाटेवर काजळी अडवणारा फिल्टर असतो. गाडी लांब पल्ल्याला सलग धावली तर तो तापतो आणि काजळी जळून जाते. आपल्या कामात पाच-सात किलोमीटरच्या खेपा, मध्ये तास-तास भरणीसाठी उभं राहणं. अशा चालीत काजळी साठते आणि डॅशबोर्डवर दिवा लागतो. छोट्याच खेपा मारणाऱ्याने नवी घेण्याआधी हा विचार जरूर करावा. मी मात्र बऱ्हाणपूर आणि जळगावच्या लांब खेपाही धरणार होतो, म्हणून मन नव्या गाडीकडे झुकलं.

त्यात २२ सप्टेंबर २०२५ ला मालवाहू गाड्यांवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला. दहा लाखांच्या गाडीमागे पाऊण लाखाहून जास्त फरक. २ ऑक्टोबरला दसरा होता. शोरूममध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. "मुहूर्तावर गाडी हवी तर आजच नक्की करा, मग दिवाळीपर्यंत नंबर लागणार नाही," असं ज्याला-त्याला सांगत होते. ही घाई माझ्या डोक्यात बसली आणि पुढचं सगळं त्या घाईत झालं.

जुन्या गाडीला गावातल्या दोघांनी दोन लाख सत्तर हजार सांगितले होते. शोरूमच्या आवारात एक माणूस भेटला. तो शोरूमचा नव्हता, पण तिथलाच असल्यासारखा वावरत होता, खुर्ची-टेबल होतं, लोक त्याला ओळखत होते. त्याने गाडीभोवती एक चक्कर मारली, बॉनेट उघडलं, डिपस्टिक काढून बोटावर ऑइल घासलं आणि म्हणाला, "अण्णा, तीन दहा देतो. अडीच आत्ता खात्यात, साठ हजार नावावर झाली की." मला तेव्हा हे फार सरळ वाटलं. नाव ट्रान्सफर झाल्याशिवाय तो साठ हजार देणार नाही, म्हणजे ट्रान्सफर करायची त्यालाच घाई असणार, असं मी धरून चाललो. खरं गणित याच्या उलट होतं. ट्रान्सफर केली नाही तर त्याचे साठ हजार वाचत होते.

सह्या केल्या तो प्रसंग जसाच्या तसा सांगतो, कारण यात सगळं आलं. त्याने गाडी दुसऱ्याच्या नावावर करायचे आरटीओचे फॉर्म २९ आणि फॉर्म ३० पुढे ठेवले. दोन्ही कोरे. फक्त जिथे माझी सही लागते तिथे पेन्सिलने बारीक फुल्या. शेजारी पाचशेचा स्टॅम्प पेपर, त्यावर माझं नाव, गाडीचा नंबर, चेसिस नंबर, सगळं टाइप केलेलं. "खरेदी घेणार" यापुढे मात्र मोकळी जागा. मी विचारलं, "इथे तुमचं नाव नको?" तो म्हणाला, "गिऱ्हाईक ठरलं की त्याचंच नाव टाकतो, दोनदा ट्रान्सफरचा खर्च कशाला?" बाहेर मुलगी आणि मंडळी नव्या गाडीला हार घालायला थांबल्या होत्या. मी पाचही फुल्यांवर सही केली. आधारची आणि पॅनची झेरॉक्स, दोन फोटो, मूळ आरसी, विम्याचा कागद आणि पेटीतली ती २०२१ ची एनओसी दिली. त्याने एनओसी उघडून तारीख पाहिली, घडी घातली आणि काही न बोलता फाइलमध्ये टाकली.

तो काही बोलला नाही, कारण त्याला कळलं होतं. एनओसी नुसती मिळून भागत नाही. ती फॉर्म ३५ बरोबर आरटीओत देऊन आरसीवरून बँकेचं नाव उतरवावं लागतं, ज्याला आपण एचपी काढणं म्हणतो. एनओसीला मुदत असते, साधारण तीन महिन्यांची. माझी चार वर्षं जुनी. आरसीवर बँकेचं नाव तसंच. म्हणजे त्या दिवशी ती गाडी कुणाच्याही नावावर सरळ होऊच शकत नव्हती, आणि हे त्या टेबलावर फक्त मला माहीत नव्हतं.

नोव्हेंबरमध्ये दोनदा फोन केला. "गिऱ्हाईक लागलंय, काम आरटीओत आहे, अण्णा टेन्शन घेऊ नका." डिसेंबरात फोन उचलणं बंद.

डिसेंबरच्याच शेवटी मोबाइलवर ई-चलान आलं. मला वाटलं नव्या गाडीचं असेल. लिंक उघडली तर फोटोत माझी जुनी पिकअप, शिरपूरच्या बाजूला हायवेवर, हौद्यात भाजीचे क्रेट उभे रचलेले. नंबर वाचायच्या आधी मी ती फाळक्यावरून ओळखली. केळीचा चीक एकदा पत्र्यावर वाळला की निघत नाही, काळा पडतो. मागच्या फाळक्यावर उजव्या कोपऱ्यात हाताच्या पंजाएवढा तसा डाग होता, नऊ वर्षांचा. तो डाग आणि वर "मुक्ताई कृपा". मी अर्धा तास तो फोटो मोठा करून-करून बघत बसलो होतो.

चलान भरून टाकलं. तेव्हाच आरटीओत जायला हवं होतं, गेलो नाही. ही माझी दुसरी चूक. तिसरी याहून मोठी. जानेवारीत जुन्या गाडीचा विमा संपत होता. कंपनीचा मेसेज आला, मी पुसून टाकला. विकलेल्या गाडीचा विमा कोण भरतो?

फेब्रुवारीत पोलिस ठाण्यातून फोन आला. त्या पिकअपने एका मोटारसायकलवाल्याला उडवलं होतं. पायाचं हाड दोन ठिकाणी मोडलेलं. गाडीचा मालक म्हणून नाव माझं, पत्ता माझा. विमा संपलेला. मी म्हणालो, साहेब, मी गाडी दसऱ्यालाच विकली. ते म्हणाले, "आरसीवर कोण आहे?"

वकिलांकडे गेलो तेव्हा त्यांनी जे सांगितलं ते प्रत्येक गाडीवाल्याने नीट समजून घ्यावं: गाडी विकली असली तरी आरसीवर ज्याचं नाव, अपघाताची भरपाई त्याच्यावर येते. सर्वोच्च न्यायालयाने ६ फेब्रुवारी २०१८ च्या निकालात हेच ठरवलंय. त्या प्रकरणात गाडी हातोहात पुढे विकली गेली होती, नाव पहिल्याचंच राहिलं होतं, आणि भरपाईची जबाबदारी त्या नोंदणीकृत मालकावरच टाकली गेली. जखमी माणसाने खरा मालक शोधत फिरायचं का, असा साधा विचार त्यामागे आहे. माझ्यावर आलं तरी मला तो विचार चुकीचा म्हणवत नाही. मी त्या मुलाला धुळ्याच्या दवाखान्यात जाऊन बघून आलोय. चोवीस-पंचवीसचा, पायात सळई, बाजूला त्याची आई बसलेली. तिने मला विचारलं, "तुम्हीच गाडीवाले का?" मला काय उत्तर द्यावं कळेना.

माझ्या बाजूने काय-काय हुकलं ते वकिलांनी एक-एक करून दाखवलं. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५० प्रमाणे राज्यातल्या राज्यात गाडी विकली तर विकणाऱ्याने १४ दिवसांच्या आत आरटीओला कळवायचं असतं, घेणाऱ्याला ३० दिवस असतात. फॉर्म २९ म्हणजे गाडी विकल्याची आपणच आरटीओला द्यायची सूचना, आणि तो फॉर्म आपण कोरा सही करून दुसऱ्याच्या फाइलमध्ये टाकतो! घेणाऱ्याचं नाव, पत्ता, तारीख आपल्यासमोर भरून घ्यायची, आपली प्रत ठेवायची, आरटीओत देऊन पोच घ्यायची, आणि नाव खरंच बदललं का ते सरकारच्या एम-परिवहन ॲपवर नंबर टाकून स्वतः बघायचं. बघायला दोन मिनिटं लागतात. मी नऊ वर्षांत एकदा तो नंबर टाकून पाहिला असता तर एचपी तशीच आहे हेही दिसलं असतं.

आणखी एक गोष्ट मला ठाऊकच नव्हती. १ एप्रिल २०२३ पासून जुन्या गाड्यांचा व्यवहार करणाऱ्या डीलरसाठी वेगळे नियम आहेत. त्याच्याकडे आरटीओचं अधिकारपत्र असावं लागतं, फॉर्म २९ बी. त्याच्या ताब्यात गाडी देताना फॉर्म २९ सी ऑनलाइन भरायचा असतो, आणि तिथून पुढे गाडीची जबाबदारी डीलरवर जाते. नेमकं हेच कवच मला हवं होतं. माझ्या समोरच्या माणसाकडे टेबल होतं, शिक्के होते, चहा सांगायला पोऱ्या होता. अधिकारपत्र आहे का, हे मी विचारलंच नाही. शोरूममध्ये बसतो म्हणून शोरूमचा, असं धरलं. शोरूमवाल्यांनी नंतर हात वर केले: "तो आमचा माणूस नाही, तुमचा आपसातला व्यवहार." जिथे नवी घेता तिथेच जुनी देत असाल तर एक्स्चेंजची रक्कम आणि जुन्या गाडीचा नंबर त्यांच्याच बिलावर किंवा लेटरहेडवर लिहून मागा. लिहून देत नसतील तर तिथे सही करू नका, मुहूर्त टळला तरी चालेल. गावातल्या त्या दोघांपैकी एकाला दोन सत्तरला दिली असती तर तो रोज डोळ्यांसमोर राहिला असता.

गाडी शेवटी शिरपूर तालुक्यातल्या एका भाजीवाल्याकडे सापडली. ठाण्यात आमची गाठ घालून दिली. मी तावातावाने गेलो होतो. समोर माझ्याच वयाचा माणूस, हातात तोच पाचशेचा स्टॅम्प पेपर, मोकळ्या जागेत आता त्याचं नाव. मी काही बोलायच्या आत तो म्हणाला, "भाऊ, मी बी फसनू." त्याने तीन लाख पंचेचाळीस हजार रोख दिले होते. त्याला सांगितलं होतं की मालक सहीला येत नाही, टाळाटाळ करतो. विम्याचं विचारलं तेव्हा "कागद नावावर झाले की एकदमच काढू" असं उत्तर मिळालं होतं. म्हणजे तिकडे मी वाईट होतो आणि इकडे तो.

दोघांनी मिळून फसवणुकीची तक्रार दिली आहे, भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८ खाली. माझ्याकडे अडीच लाख खात्यात आल्याची नोंद आहे, फोनमध्ये सह्या करतानाचा एक फोटो आहे जो मुलीने सहज काढला होता आणि ज्यात मागे तो शोरूममधला माणूस दिसतो. भाजीवाल्याकडे रोखीची काहीच पावती नाही. तो माणूस सध्या सापडत नाही, टेबल रिकामं आहे.

बँकेत चार चकरा मारून नवी एनओसी आणली, एचपी उतरवली, राहिलेली चलानं निम्मी-निम्मी भरली. मार्चमध्ये गाडी भाजीवाल्याच्या नावावर झाली. त्याने त्याच दिवशी विमा काढला, आणि ॲपवर त्याचं नाव दिसेपर्यंत आम्ही आरटीओच्या गेटवरून हललो नाही. पण अपघात फेब्रुवारीतला. त्या दिवशी आरसीवर मी होतो, ते आता बदलत नाही.

दावा चालू आहे. किती भरपाई बसेल ते कोर्ट ठरवेल, आणि विमा नव्हता म्हणून ती खिशातून द्यावी लागेल. निम्मी मी देतो, असं भाजीवाल्याने स्वतःहून सांगितलंय, कागदावर लिहूनही दिलंय. नव्या गाडीचा हप्ता दर महिन्याच्या पाच तारखेला जातो, त्यामुळे केळीच्या खेपा संपल्या की रात्री बऱ्हाणपूरची एक जादा खेप धरतो. गेल्या तारखेला तो मुलगा कुबडी घेऊन आला होता. पायऱ्या चढताना भाजीवाल्याने त्याला एका बाजूने धरलं, दुसऱ्या बाजूने मी.