लाळग्रंथीतला खडा दुर्बिणीने काढला, आठ महिने झाले, आता लिहिते

मागच्या पावसाळ्यात उजव्या जबड्याखाली आवळ्याएवढी गाठ यायला लागली, तीपण फक्त जेवताना. पानात लोणचं वाढलेलं नुसतं दिसलं तरी जिभेखालून कळ यायची, तोंडाला पाणी सुटणं ही शिक्षा असू शकते हे तेव्हा कळलं. आणि तासा-दोन तासात गाठ आपोआप बसायची, त्यामुळे दवाखान्यात नंबर लागेपर्यंत दाखवायला काही उरायचंच नाही. आई म्हणाली गालगुंड आहे, आंबेहळदीचा लेप लाव. एका डेंटिस्टने दाढेचं रूट कॅनाल करून टाकलं, पैसे गेले, गाठ तशीच. शेवटी ईएनटीच्या डॉक्टरांनी जिभेखाली बोट घालून चाचपलं आणि म्हणाले, लाळेच्या नळीत खडा आहे. सोनोग्राफीत 4 मिमीचा निघाला.

मला खडे म्हणजे मुतखडे एवढंच माहीत. पण लाळेतलं कॅल्शियम साठून असे खडे होतात, आणि त्यातले दहापैकी आठ या जबड्याखालच्या ग्रंथीतच, कारण तिथली लाळ घट्ट, नळी लांब आणि लाळेला खालून वर चढावं लागतं. सासूबाईंनी लगेच माझे टोमॅटो-पालक बंद केले होते, डॉक्टर हसले, म्हणाले या खड्याचा त्याच्याशी संबंध नाही, खुशाल खा, पाणी मात्र वाढवा. तिथे मी गप्प. शाळेत शिकवते, दिवसभर बडबड, आणि तिथलं बाथरूम बघून पाणी कमीच प्यायची सवय लागलेली.

पहिल्या सर्जननी थेट ग्रंथीच काढू म्हटलं, मानेवर चीर, खालचा ओठ हलवणारी नस जवळ असल्याने थोडा धोका. मी घाबरून पुण्याला दुसरं मत घेतलं, तिथे सायलेंडोस्कोपी कळली. जेमतेम दीड मिमी जाडीची दुर्बीण जिभेखालच्या लाळेच्या भोकातूनच आत घालतात, सलाईनने नळी फुगवतात आणि तारेच्या बारीक बास्केटमध्ये खडा पकडून ओढतात. बाहेर टाका नाही. पण सगळ्यांना जमेलच असं नाही हे त्यांनी आधीच सांगितलं, खडा लहान आणि सुटा हवा, मोठा असला तर लेझरने फोडावा लागतो किंवा तोंडातून चीर द्यावी लागते, आणि ग्रंथीत खोल रुतलेला असेल तर ग्रंथी काढायची वेळ येऊ शकते. हे स्पष्ट बोलणं मला आवडलं, तिथेच ठरवलं.

पूर्ण भूल दिली, तास-सव्वा तास लागला. बाहेर आले तेव्हा अर्धी मान फुगलेली, नवऱ्याचा चेहरा पांढरा पडला! ती सलाईनची सूज असते, दीड दिवसात उतरली, पण हे आधी सांगायला हवं होतं राव. खरा वैताग स्टेंटचा. नळी आकसू नये म्हणून प्लॅस्टिकची बारीक नळी जिभेखाली टाक्याने अडकवून ठेवलेली, दहा दिवस जीभ तिलाच घासायची, वरणभात आणि ताक यावरच काढले. जिभेची कड महिनाभर बधिर होती, मग हळूहळू गेली. इन्शुरन्सवाल्यांनी 'डेंटल ट्रीटमेंट' म्हणून क्लेम परत पाठवला, डॉक्टरांचं पत्र जोडून पुन्हा भरला तेव्हा पास झाला, दोन महिने गेले त्यात.

आता आठ महिन्यांनी, गाठ नाही, कळ नाही. दिवाळीत एकदा चकल्या खाताना हलकी सूज आली, माझं धाबं दणाणलं, सोनोग्राफी केली तर खडा नव्हता. नळी थोडी अरुंद झालीये म्हणाले, लक्ष ठेवू, गरज पडली तर पुन्हा दुर्बिणीने रुंद करता येईल. तेव्हापासून जेवणाआधी लिंबाची फोड चोखते आणि जबड्याखाली मागून पुढे बोटाने दाबत मालिश करते, वर्गातली पोरं मधल्या सुट्टीत नक्कल करतात माझी. पण हे मालिश आणि लिंबू खडा असताना आपल्या मनाने करू नका, वाट बंद असताना लाळ वाढली तर दुखणं अजून चढतं, मी करून बघितलंय. आणि गाठीबरोबर ताप आला किंवा जिभेखालून पू आला तर थांबू नका, आधी अँटिबायोटिक लागतं, दुर्बीण नंतर.

काढलेला खडा डबीत घालून दिलाय, तांदळाच्या कणीएवढा, पिवळट. नवरा म्हणतो फेकून दे, मी देव्हाऱ्याशेजारच्या खणात ठेवलाय.