टिळकवाडीतला रविवारचा बायोटेक क्लास : शिकवणं एक नंबर, नोट्स सुधारा

बेळगावात एमएस्सी बायोटेक, लाईफ सायन्सवाल्यांसाठी टिळकवाडीत रविवारी जो क्लास चालतो, त्यातला नॉनकोडिंग आरएनए (म्हणजे प्रोटीन न बनवणारे आरएनए) आणि पोटाआतड्याचे कॅन्सर हा भाग आत्ताच संपला. ज्यांचं ह्या विषयाला घोडं अडतंय त्यांनी बिनधास्त जावा.

जिनोमचा, म्हणजे पेशीतल्या सगळ्या डीएनएचा, प्रोटीन बनवणारा भाग जेमतेम 2 टक्के, बाकीचं कॉलेजात पळवत नेतात, सर नेमके तिथंच थांबतात. एम6ए म्हणजे आरएनएवरच्या अ‍ॅडेनिनला चिकटणारा मिथाइल ग्रुप, तो लावणारं एन्झाइम मेट्टल-3, काढणारं एफटीओ, ओळखणारी वायटीएच प्रोटीनं, सगळं मराठी-कन्नड-इंग्लिश मिसळून फळ्यावर, स्लाईड नाहीत.

मी निपाणीचा, आमच्याकडं तंबाखूवर घरं चालतात, त्यामुळं स्वादुपिंडाच्या कॅन्सरवरचं 2019 चं संशोधन शिकवलं तो तास काही डोक्यातनं जाईना. सिगारेटच्या धुरातल्या पदार्थांनी पेशीत मेट्टल-3 वाढतं, ते मायक्रोआरएनए-25 (जीन दाबणारा एक छोटासा आरएनए) च्या कच्च्या रूपावर जास्त एम6ए लावतं, मग पक्का मायक्रोआरएनए भराभर तयार होतो आणि पेशी वाढवणाऱ्या एकेटी प्रोटीनला लगाम घालणाऱ्या पीएचएलपीपी2 ला दाबतो, की पेशी सुटल्या मोकाट. एकेक बाण सरांनी पोरांनाच उठवून काढायला लावला, चुकला की कारण विचारायचे, ओरडायचे नाहीत.

आणि लगेच उलटं उदाहरण! मोठ्या आतड्याच्या कॅन्सरमध्ये मेट्टल-3 चा एम6ए लावणारा जोडीदार मेट्टल-14 कमी पडतं, त्यामुळं एक्सआयएसटी नावाच्या लांब आरएनएवर एम6ए कमी लागतो, वायटीएचडीएफ2 त्याला ओळखून तोडत नाही, ते साठतं आणि गाठ वाढते. म्हणजे एम6ए जास्त तेवढं वाईट, असं सरसकट नाही, कुठला आरएनए आणि कुठला अवयव हे बघायलाच पाहिजे. गाईडमधनं पाठ करून हे कधीच कळलं नसतं बघा.

औषधाचंही स्पष्ट सांगितलं, मेट्टल-3 ला अडवणाऱ्या एसटीसी-15 ची माणसांवरची ट्रायल 2022 ला सुरू झाली, पण ट्रायल म्हणजे उपचार नव्हे.

तक्रार नोट्सची. झेरॉक्सची झेरॉक्स, मेरिप-सीक्वेन्सिंगचा (एम6ए कुठं आहे ते शोधायची पद्धत) आलेख म्हणजे नुसता काळा डाग, कुठल्या जागी एम6ए आहे ते दिसतच नाही, एवढी फी घेऊन हे बरं नव्हे, पीडीएफ तरी पाठवा की. प्रॅक्टिकलही नाही. आणि संध्याकाळी तास लांबतो तेव्हा खानापूर, चिकोडीच्या पोरांची एसटी चुकते. मायक्रोआरएनए कसा तयार होतो एवढं मात्र घरनं वाचून जावा, ड्रोशा-डायसर (कच्चा मायक्रोआरएनए कापून पक्का करणारी एन्झाइमं) सर परत शिकवत नाहीत.