जुन्या ले मान्सला ओतीव चाकं ठेवावीत की स्पोकची बसवावीत?

मोटो गुत्सीची 850 ले मान्स ही मोटरसायकल किंवा त्याच काळातली दुसरी एखादी इटालियन मोटरसायकल ज्यांच्याकडे आहे आणि स्पोकच्या चाकांचा विचार बरेच दिवस डोक्यात घोळतो आहे, त्यांच्यासाठी हे लिहितो आहे. माझी ले मान्स पहिल्या मालिकेतली, 1977ची. मी मिलानला राहतो, त्यामुळे दगडी फरशीचे रस्ते आणि ट्रामचे रूळ रोजचेच. सुट्टीच्या दिवशी लेक्कोच्या पुढे तळ्याकाठी, नाहीतर आणखी वर घाटात. ओतीव, म्हणजे साच्यात एकसंध ओतलेल्या, चाकांवर मी ही गाडी नऊ वर्षं चालवली आणि आता चार वर्षं स्पोकवर चालवतो आहे.

दिसण्याचा मुद्दा आधी संपवून टाकतो. 1976 मध्ये ले मान्स आली ती ओतीव चाकांवरच, त्यामुळे मूळ रूप जपणाऱ्यांचं म्हणणं रास्तच आहे. पण गुत्सीचे अभियंते लिनो तोंती यांनी याच चौकटीवर (फ्रेमवर) आधी व्ही7 स्पोर्ट ही गाडी उभी केली, तिला स्पोकचीच चाकं होती. त्यामुळे ती या चौकटीला परकी वाटत नाहीत. गुत्सीच्या कारखान्याच्या गावी, मांदेल्लोला, सप्टेंबरात गुत्सीवाले जमतात, तिथे दोन्ही मतांची माणसं भेटतात आणि दोघंही मनापासून बोलतात.

ओतीव चाकांच्या बाजूने एक गोष्ट नेहमी सांगितली जाते: ट्यूबलेस टायर चालतं. ही मात्र आपापल्या गाडीवर तपासून बघा. माझ्या मूळ चाकांच्या आत, टायरची कड जागेवर धरून ठेवणारा उंचवटाच नाही. म्हणजे ट्यूब तिथेही टाकावी लागत होती. ज्या फायद्यासाठी लोक ओतीव चाकं सोडायला तयार नसतात, तो मला कधी मिळालाच नव्हता. नंतरच्या मालिकांची गोष्ट वेगळी असू शकते.

आता मूळ मुद्दा. पाच वर्षांपूर्वी मांदेल्लोच्या अलीकडे, तळ्याकाठच्या एसपी 72 रस्त्यावर, झाडांच्या सावलीतला एक खड्डा मला दिसला नाही. पुढचं चाक जोरात आपटलं. मी पडलो नाही, टायरही शाबूत राहिलं. घरी येऊन पाहिलं तर रिमची डावी कड नखभर चपटी झाली होती, बाकी काही नाही. पण त्या दिवसापासून ताशी 80-90 च्या सुमाराला हँडलमध्ये एक बारीक थरथर जाणवायला लागली. वेग वाढवला की जायची, कमी केला की परत यायची. गाडी मधल्या स्टँडवर घेतली, पुढचं चाक अधांतरी केलं, फोर्कला एक काडी बांधली आणि तिचं टोक रिमला जेमतेम लागणार नाही असं ठेवलं. चाक हाताने फिरवलं. दर फेऱ्याला एकदा ‘टिक्’. खडूने खूण केली आणि परत फिरवलं, तर पुन्हा त्याच जागी.

हा आउट, म्हणजे रिमचा वाकडेपणा, काढायचा कसा? पहिल्या वर्कशॉपमध्ये सांगितलं, एवढ्याने काही होत नाही, चालवा. दुसऱ्याने सांगितलं, गरम करून सरळ करून देतो, पण पुढची जबाबदारी माझी नाही. तिसऱ्याने चाक हातात घेतलं, खिडकीच्या उजेडात बराच वेळ उलटसुलट करून पाहिलं आणि परत माझ्या हातात दिलं. म्हणाला, चाळिशी उलटलेलं हे ओतकाम, आत काय झालंय ते मला दिसत नाही, मी हात लावणार नाही. मी रंगद्रव्य लावून भेगांची तपासणीही करून घेतली. भेग दिसली नाही. पण ती तपासणी पृष्ठभागापुरतीच असते, आणि तिघांनी तीन उत्तरं दिल्यावर माझं समाधान काही होईना. घाटातून उतरताना, वळणाच्या आधी ब्रेक दाबला की ते ‘टिक्’ मला आठवायचं. ज्या गाडीवर बसून डोकं मोकळं व्हायला हवं, तिच्यावरच मी शंका घेऊन बसत होतो.

दुसरी ओतीव जोडी घ्यावी म्हणून नोवेग्रोच्या जुन्या सुट्या भागांच्या बाजारातही जाऊन आलो. चाकं होती, छान रंगवलेली. पण तीही तितकीच जुनी, आणि ती कुठल्या खड्ड्यात आपटली आहेत हे विकणाऱ्यालाही ठाऊक नव्हतं. नव्या रंगाखाली काय असेल ते कोण सांगणार?

स्पोकच्या चाकाचा आउट निघतो. सांगलीला आमच्या शाळेसमोर सायकलचं दुकान होतं, तिथे मी हे काम शेकडो वेळा पाहिलं आहे. चाक उलट्या सायकलवर फिरतंय, दुकानदाराची नजर ब्रेकच्या रबराशी, हातात छोटा पाना, एका बाजूचा स्पोक पाव फेरा आवळायचा, समोरचा सैल करायचा. माझी चाकं ज्यांनी बांधली ते ब्रियांझातले वयस्कर गृहस्थ नेमकं तेच करत होते. शेवटी त्यांनी स्क्रूड्रायव्हरच्या दांड्याने एकेक स्पोक वाजवत फेरा पूर्ण केला. तंबोरा लावताना कान तारेशी लावतात तसे मान वाकवून ऐकत होते. एका ठिकाणी आवाज बद्द आला. तिथे थांबून निपल, म्हणजे स्पोकच्या टोकाचं छोटं नट, आवळलं, पुन्हा वाजवलं, पुढे गेले. मला हे पटलं. चाकात बिघाड झाला तर तो ऐकू येतो, डोळ्यांना दिसतो, आणि बहुतेक वेळा हाताने काढता येतो. रिम फारच वाकली तर तेवढी रिम बदलायची, हब (चाकाचा मधला तुंबा) तोच राहतो.

आता दुसरी बाजू, कारण स्पोकचा त्रासही खरा आहे. दोन चाकांचे मिळून 80 स्पोक पुसायचे. माझ्या डिस्क बिडाच्या आहेत, पावसानंतर गाडी रात्रभर उभी राहिली की तांबूस पाणी ओघळून स्पोकवर डाग पडतात. गुत्सीला साखळीऐवजी शाफ्ट असल्याने निदान साखळीचं तेल उडत नाही. डुकाटी किंवा लाव्हेर्दावाल्यांनी ते धरूनच चालावं. मात्र 1970च्या दशकातली मॅग्नेशियमची ओतीव चाकं ज्यांच्या गाडीला अजून आहेत, त्यांनी माझ्या मते या तुलनेत फार वेळ घालवू नये. तो धातू वयाबरोबर चांगला राहत नाही.

आणि पंक्चर. दोन वर्षांपूर्वी स्प्लूगेनची खिंड उतरून कांपोदोल्चिनोच्या वर आलो असताना मागची ट्यूब गेली. ट्यूबमधली हवा हळूहळू जात नाही, गाडी एकदम मागून डुलायला लागते. सुदैवाने वेग कमी होता. एक्सल काढा, चाक शाफ्टच्या दात्यांमधून ओढून बाहेर घ्या, टायरची कड सोडवा, नवी ट्यूब चिमटू न देता आत बसवा: दोन तास गेले आणि बोटं सोलली. तेव्हापासून 18 इंची जादा ट्यूब, तीन लिव्हर आणि पंप घेतल्याशिवाय मी घाटात जात नाही. ट्यूब बसवताना टाल्कम पावडर हात न आखडता टाका, फरक पडतो.

हे नको असेल तर तिसरा मार्ग आहे: ट्यूबलेस स्पोकची चाकं. बीएमडब्ल्यूने 1987 मध्ये स्पोक रिमच्या कडांना नेऊन हा प्रश्न सोडवला. इटलीतच अल्पिना निपलपाशी सील असलेली चाकं बनवते. लांब पल्ल्याला एकट्याने जाणाऱ्यांनी याचा जरूर विचार करावा, मी त्यांना अडवणार नाही. मला खर्च जास्त वाटला, आणि खरं सांगायचं तर मला बोर्रानीची उंच खांद्याची, चकचकीत ॲल्युमिनियमची रिमच हवी होती. 1922 पासून मिलानशी नातं असलेलं ते नाव, त्यावरचा तो हाताचा शिक्का. माझ्या गाडीला ती शोभते असं मला वाटतं.

चालवण्यात फरक पडतो का? माझ्या हाताला पडतो. फरशीच्या रस्त्यावर पुढची बाजू कमी हादरते आणि वळणातून दुसऱ्या वळणात गाडी जराशी लवकर पडते. पण मी त्याच वेळी नवी टायरं आणि बेअरिंग्जही टाकली होती, त्यामुळे सगळं श्रेय स्पोकना देणं बरोबर होणार नाही.

ठरवलंच असेल तर हब गुत्सीच्याच 850 टी3 या गाडीचे शोधा. त्या गाडीला स्पोक आणि तिन्ही डिस्क दोन्ही होते, म्हणून माझ्या गाडीवर ते फार झगडा न करता बसले. तरी स्पेसर आणि डिस्कची जागा आपल्या एक्सलवर लावून बघितल्याशिवाय पैसे देऊ नका. स्पीडोमीटरची केबल गिअरबॉक्सवरून येते, त्यामुळे पुढच्या चाकात ती भानगड नाही. रिम हबच्या मध्यापासून किती सरकलेली असावी हे माप चाक बांधणाऱ्याला आधी द्या. मागच्या चाकात ते चुकलं तर सगळं उकलावं लागतं. ले मान्सच्याच 1984च्या मार्क 4 मालिकेचं पुढचं चाक 16 इंची आहे. ते बदलून 18 इंची करणारे पुष्कळ आहेत, पण तो वेगळा विषय आहे.

कागदपत्रांत टायरचे आकार लिहिलेले असतात, तेच ठेवा. म्हणजे दर दोन वर्षांच्या तपासणीत प्रश्न येत नाही. ऐतिहासिक वाहन म्हणून नोंद असेल किंवा करायची असेल तर मूळ चाकं मुळीच विकू नका. माझी पोटमाळ्यावर आहेत, खडूच्या खुणेसकट. तुमची ओतीव चाकं सरळ फिरत असतील आणि तुम्हाला त्यांची खात्री असेल, तर कदाचित एवढ्या खटाटोपाची गरजही नाही.

बसवल्यावर पहिल्या 300 किलोमीटरनंतर परत जाऊन स्पोक वाजवून घ्या. माझ्या मागच्या चाकातले दोन सैल निघाले होते. पाव फेऱ्यात बसले, आणि तेव्हापासून तसेच आहेत.