चोक चेनचा हिसका की लांबूनचा खाऊ?

रंकाळ्यावर फिरताना कुत्रं दुसऱ्या कुत्र्यावर धावलं की बरेच जण चोक चेन (ओढली की गळ्याभोवती आवळणारी साखळी) ओढतात. भुंकणं तेवढ्यापुरतं थांबतं, पण 'दुसरं कुत्रं दिसलं की गळा आवळतो' हे मात्र पक्कं बसतं. गुरगुरणं दाबलं गेलं तर पुढं इशारा न देताच चावा बसू शकतो.

दुसरी पद्धत संथ आहे, पण आमची पसंती तिलाच. गळ्याऐवजी छातीभोवती बसणारा, छातीवर कडी असलेला हार्नेस, दोन मीटरचा पट्टा, तोही सैल. कुत्रं बघेल पण ताठरणार नाही एवढ्या अंतरावर थांबा. समोरच्यावर नजर गेली की लगेच उकडलेल्या चिकनचा नखाएवढा तुकडा. (मसाल्याचा नको, तांबडा रस्सा आपल्यासाठी.) खाणं नाकारलं तर फार जवळ गेलात, मागं फिरा. भटकी कुत्री अंगावर येतात त्या गल्लीत हे जमत नाही, मोकळं मैदान गाठा.